राज्याची सीमा ओलांडताना पिस्तूल : अमेरिकेतील कायदा नेमका कुठवर साथ देतो

२०१३ साली फिलाडेल्फियात राहणाऱ्या एका महिलेची गाडी न्यू जर्सीत रस्त्यावर साध्या वाहतूक तपासणीसाठी थांबवण्यात आली. तिच्याकडे पिस्तूल होते आणि ते बाळगण्याचा पेनसिल्व्हेनिया राज्याचा रीतसर परवानाही होता. त्यामुळे काहीही न लपवता तिने स्वतःहून अधिकाऱ्याला पिस्तुलाची माहिती दिली आणि परवाना पुढे केला. न्यू जर्सीत मात्र त्या परवान्याला कोणतीही किंमत नव्हती. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची तरतूद असलेला खटला तिच्यावर उभा राहिला. दोन लहान मुलांच्या या आईला अखेर एप्रिल २०१५मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी माफी दिली. सरकारी वकिलांनी बदललेल्या भूमिकेमुळे आणि राज्यपालांच्या दयेमुळे ती वाचली, कायद्यातील एखाद्या तरतुदीमुळे वाचली नाही, ही बाब या विषयात शिरताना ध्यानात ठेवावी लागते.

अमेरिकेत एका राज्याचा वाहन परवाना देशभर चालतो, म्हणून पिस्तुलाचा परवानाही तसाच चालत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. वाहन परवाने राज्यांनी परस्परांत मान्य केलेले आहेत. पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याबाबत तसा देशव्यापी कायदा अजून झालेला नाही. एका राज्याचा परवाना सर्व राज्यांनी मान्य करावा असे विधेयक डिसेंबर २०१७मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले होते, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात घराबाहेर स्वसंरक्षणासाठी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत येतो असा निकाल दिला. तेव्हा ‘आता सगळीकडे चालते’ अशी हवा पसरली. त्या निकालाने परवाना देण्यासाठी खास कारण मागणारी न्यूयॉर्कसारख्या राज्यांची पद्धत मोडीत निघाली, मात्र परवान्याची अट घालण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला. न्यूयॉर्कने तर लगोलग नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअरसह अनेक ठिकाणी शस्त्र नेण्यास मनाई केली.

प्रवासाच्या नियमांकडे वळण्यापूर्वी, शस्त्र हातात घेण्याचा आपल्याला मुळात हक्क आहे का, हा प्रश्न अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी स्वतःला विचारायला हवा. यावर पुरेसे बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ किंवा पर्यटक व्हिसा, अर्थात कायमच्या वास्तव्याचा नसलेला कोणताही व्हिसा, घेऊन आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास फेडरल कायद्याने मनाई केलेली आहे. वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते नसतील तर मित्राने हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेले आणि तेथे भाड्याचे पिस्तूल हाती घेतले, तरी तो ‘ताबा’च ठरू शकतो. २०२२पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. पती नागरिक आहे, पिस्तूल त्याच्या नावावर आहे आणि पत्नी एच-४ व्हिसावर आहे, अशा घरात ती एकटी गाडी घेऊन निघाली आणि डिकीत पिस्तुलाची पेटी राहून गेली असेल, तर तो ताबा कोणाचा, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहू शकतो. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

ग्रीन कार्ड असलेल्यांना फेडरल कायद्यानुसार शस्त्र घेता येते. तरीही त्यांची बाजू नागरिकांइतकी भक्कम नसते. शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या, नागरिक नसलेल्या व्यक्तीला देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात स्वतंत्रपणे आहे आणि तिला ग्रीन कार्डधारकही अपवाद नाहीत. म्हणजे जी चूक शेजारच्या अमेरिकी नागरिकाला दंडावर किंवा अल्प शिक्षेवर भागेल, तीच चूक ग्रीन कार्डवर वीस वर्षे नोकरी करून घर उभे केलेल्या माणसाला मुंबईच्या विमानात बसवू शकते. त्यामुळे या लेखातील प्रत्येक नियम ग्रीन कार्डधारकाने दुप्पट गांभीर्याने वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रवासाकडे वळू. गोंधळाचे मूळ असे, की दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच समजतो. भरलेले पिस्तूल कमरेला, पर्समध्ये किंवा गाडीत हाताशी ठेवणे म्हणजे शस्त्र ‘बाळगणे’, तर रिकामे केलेले पिस्तूल कुलूपबंद पेटीत घालून सामानासारखे एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवणे म्हणजे शस्त्र ‘वाहून नेणे’. बाळगण्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते आणि वाहून नेण्याला मात्र एका फेडरल कायद्याचे मर्यादित संरक्षण आहे.

बाळगण्याचे नियम किती झपाट्याने बदलतात, हे एका ओळखीच्या रस्त्यावर पाहू. ओहायोतील कोलंबसहून एखादे कुटुंब न्यू जर्सीतील एडिसनला लग्नासाठी निघाले आहे. ओहायोत जून २०२२पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल झाकून बाळगता येते. अशी विनापरवाना मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २०२४मध्ये २९ झाली. महामार्ग ७०वरून पूर्वेकडे जाताना व्हीलिंगजवळ वेस्ट व्हर्जिनियाची चिंचोळी पट्टी लागते आणि पंधरा मैलांच्या आत ती संपते. तेथेही परवान्याची सक्ती नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया सुरू होते आणि नियम एकदम पालटतो. या राज्याच्या बहुतेक भागांत पिस्तूल उघडपणे कमरेला लावून पायी फिरण्यास परवाना लागत नाही, परंतु तेच पिस्तूल घेऊन गाडीत बसले की परवाना लागतो. ‘आमच्या राज्यात परवान्याची गरजच नाही’ हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही. मुभा ओहायोने दिलेली आहे आणि ती ओहायोच्या हद्दीपर्यंतच आहे. विनापरवाना मुभेच्या राज्यांतील जाणकार लोकही परवाना काढून ठेवतात, त्याचे कारण हेच आहे. इतर राज्यांना मान्य करण्यासाठी निदान एक कागद तरी समोर असावा लागतो.

कागद असला तरी तो कोठे चालतो, हे दर वेळी तपासावेच लागते. काही राज्ये इतर सर्व राज्यांचे परवाने मान्य करतात. काही फक्त करार झालेल्या राज्यांचे करतात, तर काहींना परवानाधारक त्या राज्याचा रहिवासी असावा लागतो. यूटा आणि फ्लोरिडा ही राज्ये बाहेरच्यांनाही परवाना देतात, म्हणून पुष्कळ जण तो काढतात, पण रहिवासाची अट घालणाऱ्या राज्यांत तो उपयोगी पडत नाही. या याद्या राज्याच्या महाधिवक्त्याच्या किंवा राज्य पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात आणि त्या बदलत राहतात. मागच्या वर्षीच्या प्रवासात चालले म्हणून यंदाही चालेल, असे धरून चालू नये.

पेनसिल्व्हेनिया पार करून महामार्ग ७८वर डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की न्यू जर्सी येते. न्यू जर्सी इतर कोणत्याही राज्याचा परवाना मान्य करत नाही. परवान्याविना हँडगन जवळ असणे हा तेथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षांची शिक्षा असून त्यातील किमान ४२ महिने पॅरोलशिवाय भोगावे लागतात. नदीच्या अलीकडच्या काठावर कायदा पाळणारा माणूस पलीकडच्या काठावर गंभीर गुन्ह्याचा आरोपी होतो आणि मधल्या काळात त्याने फक्त गाडी चालवलेली असते. ज्या राज्यात मराठी वस्ती इतकी दाट आहे, गणेशोत्सवापासून लग्नमुंजीपर्यंत ज्या राज्याकडे आपली पावले सारखी वळतात, तेच या बाबतीत सर्वांत कडक राज्यांपैकी एक आहे.

वाहून नेण्याला संरक्षण देणारा फेडरल कायदा १९८६चा आहे आणि त्यातील कलम ९२६-ए या विषयाचा कणा आहे. त्याचा आशय असा : ज्या ठिकाणी आपल्याला शस्त्र कायदेशीरपणे ठेवता आणि बाळगता येते, तेथून निघून, ज्या ठिकाणी ते तसेच कायदेशीरपणे ठेवता आणि बाळगता येते तेथे जात असाल, तर वाटेतल्या राज्याचा कायदा काहीही असला तरी शस्त्र वाहून नेता येईल. मात्र ते रिकामे असले पाहिजे आणि शस्त्र किंवा काडतुसे यांपैकी काहीही प्रवाशांच्या जागेतून सहज हाती लागता कामा नये. गाडीला वेगळी डिकी नसेल, तर दोन्ही गोष्टी कुलूपबंद पेटीत असल्या पाहिजेत. समोरचा ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन आसनांमधला कप्पा ही अशी पेटी धरली जात नाही, त्यांना कुलूप असले तरीही नाही. आपल्या कुटुंबांत मिनिव्हॅन आणि एसयूव्ही फार आहेत आणि त्यांत मागच्या आसनावरून हात घातला की सामानापर्यंत पोहोचतो. म्हणून त्या गाड्यांच्या बाबतीत कुलूपबंद पेटीला पर्यायच नाही.

प्रत्यक्ष तयारी घरीच, शांतपणे करावी. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरण्याचा सुटा कप्पा, बाहेर काढावे, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवावी आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहून झाल्यावर बोट घालूनही चाचपावे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजण्यात मोठा धोका आहे, कारण चेंबरमध्ये एक काडतूस तसेच राहिलेले असू शकते. रिकामे पिस्तूल फोम लावलेल्या कडक पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे. काडतुसे त्यांच्या मूळ खोक्यात, शक्यतो वेगळ्या पेटीत ठेवावीत आणि दोन्ही पेट्या डिकीत सामानाच्या तळाशी जाव्यात. हे काम सीमेजवळच्या पेट्रोल पंपावर किंवा विश्रांतिस्थळावर घाईघाईने करणे टाळावे. लोकांच्या देखत गाडीत पिस्तूल हाताळणारा माणूस दिसला, की कोणीतरी पोलिसांना फोन करणारच. वाटेत एकही कडक राज्य लागणार असेल, तर घरून निघतानाच पेटीला कुलूप लागलेले बरे.

आता वरच्या कलमातील ‘पोहोचण्याचे ठिकाण’ पुन्हा नीट वाचा. एडिसनला लग्नासाठी निघालेल्या कुटुंबाला हे कलम लागू होत नाही, कारण त्यांचे शेवटचे ठिकाणच न्यू जर्सी आहे आणि तेथे त्यांना पिस्तूल बाळगण्याची मुभा नाही. पेटीला दोन कुलपे लावली तरी यात फरक पडत नाही. त्यांच्यासाठी पिस्तूल कोलंबसमध्ये घरच्या तिजोरीत ठेवून निघणे, हाच योग्य मार्ग आहे. तेच कुटुंब न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधून केवळ पुढे जात व्हरमाँटला निघाले असेल, तर कलम लागू होते, कारण व्हरमाँटने शस्त्र बाळगण्यासाठी परवान्याची अट कधीच घातलेली नाही.

‘केवळ पुढे जात’ या शब्दांवर बरेच काही अवलंबून आहे. पेट्रोल भरणे, जेवणासाठी थांबणे यांत सहसा अडचण मानली जात नाही, परंतु नायगाराला दोन रात्री मुक्काम करणे किंवा वाटेत मित्राकडे शनिवार-रविवार राहणे हा प्रवासातला थांबा न राहता त्या राज्यातला मुक्काम ठरतो. आणि नायगारा धबधब्याची अमेरिकेकडची बाजू न्यूयॉर्क राज्यात आहे, जेथे परवान्याविना हँडगन नुसती ताब्यात असणे हाही गुन्हा आहे.

मुक्काम आपल्या मर्जीने झालेला नसला तरी न्यायालय सवलत देईलच असे नाही. २००५मध्ये यूटा राज्यातील एक प्रवासी विमानाने पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला निघाला होता. त्याने पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामे करून, कुलूपबंद पेटीत, विमान कंपनीला सांगून सामानात दिले होते. न्यू जर्सीतील नेवार्कला पुढचा प्रवास चुकला, बॅग त्याच्या हाती आली आणि रात्र त्याला विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर बॅग देताना त्याने पुन्हा प्रामाणिकपणे पिस्तुलाची माहिती दिली आणि तेथेच त्याला अटक झाली. काही दिवस कोठडीत गेले. पुढे आरोप मागे घेण्यात आले, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा २०१०मध्ये फेडरल अपील न्यायालयाने फेटाळला. रात्रभर हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून कलम ९२६-एचे संरक्षण त्याला मिळत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मला हा निकाल माणसाच्या अडचणीबाबत फार कठोर वाटतो, पण तो कायदा आहे. यातून व्यवहारात घ्यायची गोष्ट एवढीच, की नेवार्क किंवा न्यूयॉर्कचे लाग्वार्डिया आणि जेएफके या विमानतळांवर प्रवास खंडित झाला, तर पिस्तूल असलेली बॅग आपल्या ताब्यात घेऊ नये आणि ती कंपनीनेच सांभाळून पुढच्या विमानात चढवावी असा आग्रह धरावा.

या संरक्षणाचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. कडक राज्यांत ते बहुतेक वेळा अटक होऊ न देणारे कवच ठरत नाही, तर अटक झाल्यानंतर न्यायालयात मांडायचा बचाव ठरते. शिवाय कलमात बंदूक आणि काडतुसे यांचाच उल्लेख आहे, मॅगझिनचा स्वतंत्र उल्लेख नाही. न्यू जर्सीत २०१८पासून दहापेक्षा अधिक काडतुसे मावणारी मॅगझिने बेकायदा आहेत आणि आजच्या पुष्कळ पिस्तुलांबरोबर पंधरा किंवा सतरा काडतुसांची मॅगझिने येतात. वाटेत अशी राज्ये असतील तर दहाचीच मॅगझिने सोबत घ्यावीत.

विमानप्रवासाचे नियम त्या मानाने सरळ आहेत आणि देशभर सारखे आहेत. पिस्तूल रिकामे, कडक आणि पूर्ण बंद होणाऱ्या कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इनच्या सामानात आणि काउंटरवर दर वेळी जाहीर करून द्यावे लागते. किल्ली प्रवाशाकडेच राहते. काडतुसे त्यांच्यासाठी बनवलेल्या खोक्यात, तीही चेक-इनच्या सामानातच जातात आणि बहुतेक कंपन्या त्यांच्यासाठी ११ पौंडांची मर्यादा घालतात. काउंटरवर ‘माझ्याकडे बंदूक आहे’ असे मोठ्याने म्हणण्याऐवजी ‘मला सामानातील रिकामे शस्त्र जाहीर करायचे आहे’ असे हळू आवाजात सांगावे. मग कर्मचारी एक छापील चिठ्ठी देतो, तीवर सही करून ती ठरलेल्या जागी ठेवायची आणि सामान तपासून पुढे जाईपर्यंत जवळपासच थांबायचे. हातातल्या बॅगेत पिस्तूल विसरणे हा मात्र फार महाग पडणारा विसराळूपणा आहे. २०२३मध्ये विमानतळांवरील तपासणीत अशी ६,७३७ शस्त्रे सापडली आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेली होती. रोज रेंजवर नेण्याची पाठपिशवी आणि प्रवासाची पाठपिशवी एकच असणे, हे याचे नेहमीचे कारण असते, म्हणून त्या दोन पिशव्या कायमच्या वेगळ्या ठेवाव्यात.

रस्त्याने जाताना शाळांची बाबही विसरू नये. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यास फेडरल कायद्याने बंदी आहे. परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते, पण तो परवाना ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला असावा लागतो. पेटीत कुलूपबंद असलेल्या रिकाम्या शस्त्राला मात्र ही बंदी लागू होत नाही. फेडरल इमारतींमध्ये शस्त्र चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१०पासून ते उद्यान ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कायदा लागू होतो, परंतु उद्यानातील माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत शस्त्र नेता येत नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर शस्त्राची माहिती स्वतःहून द्यायची की विचारल्यावर, याचेही उत्तर राज्यागणिक वेगळे आहे. मिशिगनमध्ये झाकलेले शस्त्र बाळगणाऱ्या परवानाधारकाने ते लगेच सांगणे बंधनकारक आहे, तर अन्य काही राज्यांत विचारल्याशिवाय सांगण्याची सक्ती नाही. प्रत्येक राज्यात पाळावी अशी पद्धत एकच आहे : गाडी बाजूला घ्यावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि कागद काढण्यासाठी हात हलवण्यापूर्वी तसे सांगावे. गाडीची झडती घेण्यासाठी संमती मागितली तर ती नम्रपणे नाकारता येते. आणि अटक झालीच, तर रस्त्यावर कलम ९२६-ए समजावत बसण्यापेक्षा वकील मिळेपर्यंत गप्प राहावे. नागरिकत्व नसलेल्यांनी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्यावा, कारण फौजदारी वकिलाने सुचवलेली सौम्य तडजोडही इमिग्रेशनच्या दृष्टीने घातक असू शकते.

एक सीमा मात्र अशी आहे जिथे या सगळ्या नियमांचा काही उपयोग होत नाही. बफेलोहून डेट्रॉइटला जाताना फोनवरचा नकाशा सर्वांत जवळचा रस्ता म्हणून कॅनडातील ऑन्टारिओमधून नेतो आणि सुमारे शंभर मैलांचा फेरा वाचवतो. कॅनडाने ऑगस्ट २०२२पासून व्यक्तींना हँडगन देशात आणण्यास बंदी घातली आहे. केवळ आरपार जाण्यासाठी सवलत नाही आणि अमेरिकेतील कोणताही परवाना किंवा कलम ९२६-ए तेथे लागू होत नाही. त्यामुळे डिकीत पिस्तूल असेल, तर निघण्यापूर्वी नकाशात मार्ग स्वतः तपासून ईरी सरोवराच्या दक्षिण काठाने, क्लीव्हलंड आणि टोलीडोवरून जाणारा रस्ता निवडावा, आणि नायगाराच्या आसपास रेनबो पुलाकडे जाणाऱ्या मार्गिकेत चुकून शिरणार नाही याची काळजी घ्यावी, कारण त्या पुलावर एकदा गाडी चढली की पुढे कॅनडाची तपासणी चौकीच येते.